यायली

चुडाव्याला जायची माझी पॅसेंजर सकाळी परभणीहून सुटायची आणि पूर्णा मागं पडली की मला हमखास डुलकी लागायची. थंडीचे दिवस होते. खिडकीबाहेर धुकं, धुक्यात कापसाची शेतं, पांढऱ्यात पांढरं. आपण गाडीत आहोत की अजून घरी अंथरुणातच, हे कळायचं नाही. पहिली नोकरी मला आठवते ती अशी, अर्धवट झोपेत. मी फिरती विशेष शिक्षिका होते. ज्या लेकरांना शिकायला जास्त वेळ लागतो, शेजारी बसणारं माणूस लागतं, त्यांच्यासाठी वार ठरवून गावोगावच्या शाळांत जायचं. चुडाव्याचे वार मंगळवार आणि शुक्रवार.

पिशवीत पुण्याहून आणलेली चित्रांची कार्डं असायची. आई, पाणी, चेंडू, घर. पुण्याहून मी आणखी एक गोष्ट आणली होती, बोलणं. कोर्सच्या पहिल्याच आठवड्यात हॉस्टेलवर मी कुणाला तरी "काय करायलीस गं?" म्हणाले आणि खोलीतल्या पोरी हसून लोळल्या. पुढं महिनाभर मी दिसले की सुरू, "यायलीस का? जेवायलीस का?" मी तशी तापट, पण तेव्हा भांडले नाही. गपगुमान जीभच बदलून टाकली. दोन वर्षांनी परत आले ती 'करते आहे', 'जाते आहे' असं तोलूनमापून बोलत. पप्पा म्हणायचे, "लय साजूक तुपातलं बोलायलीस बाई." मला ते कौतुक वाटायचं. डोंबलाचं कौतुक.

शाळेच्या मागंच रूळ होते. दिवसभर गाड्या जायच्या, त्यामुळं त्यांच्याकडं कुणाचं लक्ष नसायचं. माझ्या वाट्याला आलेली पोरगी नऊ वर्षांची होती. पाय ओढत चालायची, ऐकायची चांगलं, बोलायची मात्र नाही. दाराशी उन्हाच्या तुकड्यात बसायची, तळहात फरशीला टेकवून, नजर बाहेर. तिच्याजवळ बसलं की मलाही गुंगी यायची. उन्हात धूळ तरंगत असायची, दुसऱ्या वर्गातले पाढे विहिरीतून आल्यासारखे ऐकू यायचे, आणि आम्ही दोघी तशाच. मी कार्ड दाखवलं की ती माझ्याकडं असं बघायची, जणू तिलाच माझी दया येतेय.

तिची माय कापूस वेचायला जायची. घर गावाच्या पार पलीकडच्या टोकाला. पहिल्या दिवशी तिनं माझं आडनाव विचारलं, ते आपल्यातलंच निघालं तशी "जयभीम मॅडम" म्हणाली आणि जरा मोकळी झाली.

"लेकरू बोलंल का हो? लय न्हाई मागत म्या. मला एकडाव हाक मारली तरी बास."

त्या पोरीचं पुढं काय, हे माझ्या शेऱ्यावर होतं. मी 'बोलणं नाही' असं लिहिलं असतं, तर तिचं नाव घरी बसून शिकणाऱ्यांच्या यादीत गेलं असतं. मग महिन्यातून एकदा कुणीतरी घरी डोकावणार. बाकी माय कापसात आणि पोरगी कुलपात. हेडसर भला माणूस. म्हणाले, "मॅडम, एक शब्द मिळू द्या. एक लिहिला तरी मी नाव हलू देत नाही."

शब्द मिळाला. एका मंगळवारी दुपारी ती एकाएकी मान वर करून म्हणाली, "आऽयली." शुक्रवारी पुन्हा तेच. माझ्या हातात तेव्हा 'आई'चं कार्ड होतं. मला वाटलं, 'आई' म्हणायला गेली आणि जीभ पुढं घसरली. मी वहीत लिहूनही टाकलं, 'आई, उच्चार अस्पष्ट'. दुपारी माय न्यायला आली तेव्हा तिलाही सांगितलं. वाट कसली बघते मी.

"आई म्हनली?" तिनं डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं. "आमच्यात तं माय म्हंतेत." मग तिनं स्वतःचीच समजूत घातली. "साळंतलं हाय ना ते. आई तं आई."

पुढच्या खेपेला बघते तर बाई स्वतःला आई म्हणायला लागलेली. "हे बघ, आई आली. आईकडं बघ की." नव्या चपलेसारखा तो शब्द तिला चावत होता, तरी ती तो घालून हिंडत होती. एका शुक्रवारी तर अर्ध्या दिवसाचं काम सोडून पोरीसमोर येऊन बसली. तासभर. पोरगी तिच्या खांद्यावरून बाहेर बघत राहिली, तळहात फरशीवर. माय उठताना एवढंच म्हणाली, "लाजत आसंल."

शेरा द्यायला आठवडा उरला होता. दुपारी पप्पांचा फोन आला. घरी पाहुणे आले होते, कधी येतेस विचारत होते. मी दमलेली, भुकेली, त्यात मनातून चिडलेली. तोंडात आलं ते बोलले, "यायले की पप्पा, यायले ना."

पोरीनं गर्रकन माझ्याकडं मान वळवली. आणि हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मग तळहात फरशीवर दाबून म्हणाली, "आऽयली."

मी फोन कानाला लावून तशीच उभी. बाहेर काही नव्हतं. ऊन होतं, झेंड्याचा रिकामा खांब होता. मग फार लांबून गुणगुण आली, माझ्याही पायाखाली फरशी थरथरली, आणि मालगाडी शाळेमागून धडधडत गेली. डबे संपता संपेनात.

यायली. गाडी यायली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ती दोन महिने मला माझ्याच घरातलं बोलणं ऐकवत होती आणि मी तिचे उच्चार तपासत होते. त्या पोरींनी हसून जे माझ्या तोंडातून घालवलं, ते मी कानातूनसुद्धा हाकलून दिलं होतं. मला रडू आलं. लाज वाटली, आणि स्वतःचा मनस्वी राग आला.

आता शेऱ्याची फिकीर नव्हती. शब्द होता, अर्थासकट होता. पण माय? तिला नाही सांगितलं तर कुणाला कळणार होतं? मी पिशवी भरली, फाटकापर्यंत गेले आणि परत फिरले. ती पोरीला न्यायला आलीच होती.

"ती तुमाला हाक मारीत नव्हती," मी म्हणाले. "गाडी यायली म्हनत होती. म्याच चुकले." कितीतरी दिवसांनी माझी जीभ आपल्या जागेवर आली होती, आणि आली तीही असलं सांगायला.

ती पोरीच्या केसांतला कापसाचा धागा काढत राहिली. "म्हंजे मला न्हाई."

"न्हाई."

"पन बोलती ना?"

"बोलती."

"मंग ऱ्हाऊ द्या." आणि पोरीला हाताला धरून उठवलं. "चल. माय आलीय."

मंगळवारी मी कार्डं पिशवीतून काढलीच नाहीत. मीही तिच्याशेजारी फरशीवर तळहात टेकवून बसले. गार फरशी, ऊब धरणारं ऊन. एक गाडी आली, ती तिनं आधी सांगितली. मग बराच वेळ काहीच नाही. माझे डोळे मिटायला लागले होते. तेवढ्यात तिनं तळहात फरशीवरून उचलला.

"आऽयली."

मी हात तसाच ठेवला. फरशी मुकी होती. मान वर केली तर मैदानापलीकडच्या बाभळीखालून माय चालत येत होती, डोक्यावर गाठोडं.

दारात आल्यावर तिनं विचारलं, "काय म्हनली?"

"यायली म्हनली."

"गाडी?"

"गाडी न्हाई. तुमी."

तिनं गाठोडं उंबऱ्यावर ठेवलं. वळली, मैदान ओलांडून पार बाभळीपर्यंत गेली, आणि तिथून पुन्हा चालत यायला लागली, हळू.