साडूभाऊंच्या अंगाची वाटणी

अहमदपुरात आजवर पुष्कळ भिडस्त माणसं होऊन गेली असतील, पण भिडेपोटी स्वतःचं अंग पाव्हण्यांना वाटून देणारा माणूस आमच्या थोरल्या साडूंशिवाय दुसरा झाला नसेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्कांचे, यजमान. बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. एखाद्या गिऱ्हाइकाने तासभर दुकानातली सगळी पातेली वाजवून पाहावीत आणि 'नंतर येतो' म्हणून उठावं, तर हे त्याला चहा पाजणार, पायरीपर्यंत सोडायला जाणार आणि वर 'तुमचा उगी वेळ गेला' म्हणून स्वतःच ओशाळणार. नको, नाही, जमणार नाही, हे शब्द त्यांना लहानपणी कुणी शिकवायचेच राहून गेले असावेत. कपाळावर भस्माचे पट्टे, ओठांवर कायमचं हसू आणि अंगभर कळा, असं हे ध्यान.

कळांची हकिकत अशी. काही वर्षांपूर्वी त्यांचं अंग दुखायला लागलं. आज मान, उद्या पोटऱ्या, परवा पाठ, आणि कधी कधी कुणालाच मागे न ठेवता सगळं एकदम. सकाळी उठले की रात्रभर कुणीतरी पोत्यात घालून बडवल्यासारखं अंग व्हायचं. लातूरला जाऊन रक्त तपासलं, फोटो काढले. सगळं नॉर्मल. अक्कांनी आनंदाने गल्लीत पेढे वाटले, आणि हे पेढ्यांचा पुडा उचलताना कळवळले, तेव्हा म्हणाल्या, "आता काय झालं? रिपोर्ट तर चांगला हाय की!" शेवटी मी त्यांना नांदेडला आमच्या घरी आणलं आणि एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "दुखणं खरं आहे. स्नायूंचं जुनाट दुखणं आहे हे, रिपोर्टात दिसत नाही. जिवाला धोका नाही, पण मुळापासून जाईल असंही नाही. त्याला सांभाळून राहायचं." रोज थोडं चालायचं, वेळेवर झोपायचं, गरम पाण्याने शेकायचं आणि एखाद्या दिवशी बरं वाटलं म्हणून आठवड्याची कामं त्याच दिवशी उरकायची नाहीत, एवढंच त्यांनी सांगितलं. परतताना रिक्षात साडूभाऊंचा चेहरा उजळला होता. "पाव्हणं, बाईनं खरं हाय म्हणलं बघा," हे त्यांनी घर येईपर्यंत चालवलं होतं. दुखणं जाणार नाही याचं त्यांना काहीच वाटलं नाही. ते खोटं नाही, याचंच अप्रूप.

पण आपल्याकडे नुसतं सांभाळून कोण राहू देतं? बातमी फुटली आणि पाव्हणे यायला लागले. आमच्या भागात आजाऱ्याला रिकाम्या हाताने भेटायला जात नाहीत. बिस्किटाचा पुडा न्यावा लागतो आणि सोबत एक रामबाण इलाज. उदगीरच्या आत्याने निर्गुडीचं तेल आणलं. जळकोटचा मेव्हणा एरंडाची पानं घेऊन आला. व्याह्यांनी भाजलेल्या मिठाची पोटली धाडली. नाही म्हणायची सोय नव्हती, आणि सगळंच सगळीकडे लावलं तर गुण कुणाचा हे सांगता आलं नसतं. म्हणून साडूभाऊंनी वाटणी केली. दोन्ही खांदे आत्याच्या तेलाला, गुडघे मेव्हण्याच्या पानांना, पाठ व्याह्यांच्या पोटलीला. मानेवर मात्र कुणाचाच हक्क ठेवला नाही. म्हणाले, "आजून कुणी आलं तर जागा नको का?"

या वाटणीचे नियम त्यांनी काटेकोर पाळले. फोन वाजला की आधी नाव बघायचे, मग त्या माणसाच्या वाट्याच्या अवयवावर हात ठेवूनच बोलायचे, कारण तसंच बोललं की खोटेपणाचा दोष लागत नाही असा त्यांचा समज. "हाव आत्या, खांदा लई हलका झालाय," असं म्हणताना हात खांद्यावर. मग मेव्हण्याचा फोन आला की हात गुडघ्यावर. एकदा घाईत आत्याशी गुडघ्यावर हात ठेवून बोलले, तर त्यांना दिवसभर चुकल्यासारखं वाटत होतं. दुकानात तेलाचा घमघमाट इतका की एका नव्या गिऱ्हाइकाने आत येऊन करडईच्या तेलाचा भाव विचारला. यांनी ते तेलाचं दुकान नाही असं न सांगता शेजारच्या किराणावाल्याकडून डबा मागवून दिला.

डॉक्टरीणबाई नात्यातल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांची भीड नव्हती. त्यांच्या वाट्याला फक्त सकाळचं चालणं आलं. मार्केट यार्डाच्या बाजूने साडूभाऊ रमतगमत निघायचे, दुखायला लागलं की थांबायचे, थांबल्याजागी कुणाची तरी खुशाली विचारायचे. खरं सांगायचं तर थोडाफार उतार पडला तो या चालण्याने आणि दुपारच्या तासभर विश्रांतीने. पण हे कुणाला सांगणार? एका बारशाला आत्या आणि मेव्हणा समोरासमोर आले आणि साडूभाऊंना नेमकं कुणी बरं केलं यावर पाळण्याशेजारीच जुंपली. निवाड्यासाठी त्यांनाच बोलावलं. हे म्हणाले, "निम्मं निम्मं." झालं! दोन निम्मे मिळून एक पुरा, या हिशेबाने साडूभाऊ पूर्ण बरे झाल्याची दवंडी सगळ्या पाव्हण्यारावळ्यांत पिटली गेली.

मला मात्र त्यांची काळजी वाटायला लागली होती. कुणी आपल्यावर नाराज होऊ नये आणि कुणीतरी आपलं दुखणं खरं मानावं, एवढ्या दोनच गोष्टी या माणसाला हव्या होत्या. पण पहिलीसाठी ते जे बोलत होते, त्यानेच दुसरीचं वाटोळं होत होतं.

मग वेळ अमावस्या आली, शेतात जाऊन काळ्या आईची पूजा करायचा आमचा येळवशीचा सण. येळवशीला आमच्याकडे गावं ओस पडतात आणि शिवारं भरतात. साडूभाऊंच्या शेतातही पूजेसाठी कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी राहिली, भज्जी, उंडे, खीर, सगळा बेत झाला, झाडून सगळे पाव्हणे जमले. आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन कोपीपर्यंत न्यायचा मान घरच्या कर्त्याचा, आणि एकदा उचललं की वाटेत टेकवायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. मधली काही वर्षं हे काम चुलतभावाने केलं होतं. यंदा मेव्हणा पुढे झाला. "दाजी, आता तुमीच घ्या! आता कुठं दुखतंय?" आत्या म्हणाली, "घे लेकरा. खांदं तर माझ्या तेलानं लोखंडाचं झाल्यात." साडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार तोच त्यांनी हसून मान डोलावली, आणि भरलेलं मडकं त्यांच्या डोक्यावर चढलं.

हरभऱ्याच्या कडेने ते निघाले. मागून हर हर महादेवचा गजर. निम्म्या वाटेवर त्यांची पावलं आखडली. मग ते थांबले, थरथरत गुडघ्यावर बसले आणि मडकं दोन्ही हातांनी बांधावर टेकवलं. गजर बंद पडला.

"दुखून राहिलंय," साडूभाऊ म्हणाले. "खांदं बी, गुडघं बी, समदंच. एक दिस थांबलं न्हाई. मी तुमाला खोटंच सांगत होतो."

आत्याचा चेहरा उतरला. "मंग इतके दिस बोलला का न्हाईस रे?"

"तुमाला वाईट वाटलं असतं," ते म्हणाले, आणि तेवढ्यातही त्यांना राहवेना. "तेलाला वास मातर लई चांगला होता, आत्या."

कुणी हसलं नाही. अक्का पुढे आल्या. रिपोर्ट पाहून पेढे वाटणाऱ्या अक्का. त्यांनी पदर खोचला, बांधावरचं मडकं उचलून आपल्या डोक्यावर घेतलं आणि मागे वळून सगळ्यांना बजावलं, "ह्यांच्या पायानं चला. कुणी पुढं पळायचं न्हाई." मग आम्ही सगळे साडूभाऊंच्या चालीने निघालो. ते थांबले की सगळं शिवार थांबल्यासारखं थांबायचं.

त्यानंतर मी गेल्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो होतो. सकाळी त्यांच्यासोबत चालायला निघालो. आता कुणीही विचारलं की ते खरं सांगतात, आज मान दुखते, आज काहीच उचलवत नाही. घरात त्यांना कुणी जड पातेलं उचलू देत नाही. मी म्हटलं, "साडूभाऊ, सुटलात म्हणायचं."

"हाव," ते म्हणाले. थोडं चालले, थांबले. "पर आत्या येईना झाली. मेव्हण्याचा फोन बी न्हाई. इलाज चालत न्हाई म्हणल्यावर काय घेऊन येतील बिचारे? रिकाम्या हातानं यायची त्यांना भीड वाटते." मग पोटरी चोळत म्हणाले, "दुखणं हाय तेवढंच हाय, पाव्हणं. माणसं तेवढी कमी झाली."

दुपारच्या एस.टी.ने मी नांदेडला परतणार होतो. पिशवी त्यांच्या घरी अक्कांपाशी ठेवलेली होती, माझे हात रिकामेच होते. अक्कांना फोन करून मी सांगितलं की आज राहतोय.