कोरांटीचं आळं

आमच्या वडिलांनी एक झाड पाण्यात बुडवून मारलं, आणि तेही घाटकोपरच्या डोंगरावरच्या ज्या चाळीत माणसांनाच पाणी पुरत नव्हतं, तिथे. असा पराक्रम दुसऱ्या कोणाच्या वडिलांनी केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

झाड कोरांटीचं. आईने गावाहून ओल्या फडक्यात गुंडाळून फांदी आणली, दारापुढच्या चार हात जागेत खोचली आणि नंतर तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कोरांटीला तेच मानवतं. उन्हाळ्यात शेजाऱ्यांचे गुलाब वाळून जायचे, आमची काटेरी बाई मात्र ठणठणीत. आणि दिवाळीच्या सुमारास पिवळीधमक.

मग गिरण्यांचा संप झाला आणि वडील घरी बसले. पुढे गिरणी उघडली, पण यांना काही बोलावणं आलं नाही. तरी पहिल्या पाळीच्या वेळेला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते दाराशी उभे राहायचे. एका सकाळी त्यांची नजर कोरांटीवर पडली.

झाली ड्युटी सुरू. कुठून तरी सिमेंट मिळवून त्यांनी झाडाभोवती असं देखणं आळं बांधलं की थेंबही बाहेर जाऊ नये. आई खालच्या नळावरून हंडा वाहून आणायची. त्यातला एक तांब्या सकाळी, एक संध्याकाळी. शेजारीण म्हणाली, "भावोजी, झाडाची आंघोळ झाली असेल तर आमच्या पोरांना पण उभं करू काय आळ्यात?" सगळी चाळ हसली. वडीलही हसले आणि ओतत राहिले.

पानं पिवळी पडली. वडिलांना वाटलं, पाणी कमी पडतंय. मग दुपारचाही तांब्या सुरू झाला.

शेवटी आई म्हणाली, "अहो, तिला काही नको असतं. मरेल अशाने."

वडिलांनी तांब्या खाली ठेवला. "मग मी काय करू?"

आईने हंडा उचलला आणि त्यांच्या हाताशी आणून ठेवला.

पावसाळ्याआधीच कोरांटी मुळाशी कुजली. वडिलांनी ती उपटली, काळी पडलेली मुळं उलटसुलट करून पाहिली आणि कचऱ्यात टाकली. आळं मात्र झकास टिकलं. पावसात ते काठोकाठ भरायचं आणि कावळे येऊन पाणी प्यायचे. पहिल्या पाळीच्या वेळेला वडील पुन्हा दाराशी, दाढी करून, इस्त्रीच्या शर्टात.

काही दिवसांनी त्यांनी दाढी करणंही सोडलं.