हौशीरामच्या तीन वाटा

नव्वद सालच्या आसपास आणे गावच्या पठारावर ज्याला कुठे पोचायची घाई असे तो हौशीरामकडे येई, आणि ज्याला घाई नसे तोही येई, कारण बसायला बाकडं तिथेच होतं. हमरस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड, एक पंप, पंक्चर शोधायला पाण्याचं घमेलं आणि भाड्याच्या सायकली. एवढ्या भांडवलाला 'दुकान' म्हणणं त्याला हलकं वाटे, म्हणून पाटीवर त्याने 'सायकल केंद्र' असं लिहून घेतलं होतं. माणूस सडपातळ, मिशी मात्र दोन माणसांना पुरेल एवढी. सायकल भाड्याने देताना तो पोरांना अशा सूचना देई की ऐकणाऱ्याला वाटावं, पोरगं लढाईवर चाललंय.

पुढे घराघरात मोटारसायकली आल्या. पोरगा दहावी पास झाला तर त्या आनंदात मोटारसायकल, नापास झाला तर त्याची समजूत काढायला मोटारसायकल. केंद्रातल्या सायकलींवर कोंबड्या बसू लागल्या. लोक म्हणाले, आता तू मोटारसायकली दुरुस्त करायला शीक. हौशीराम म्हणाला, ज्याला रोज पाजावं लागतं ते वाहन न्हाई, व्यसन हाय. आणि तो बाकड्यावर बसून राहिला.

दोन हजार तीनच्या हिवाळ्यात पुण्याची काही मंडळी जीपच्या टपावर गिअरच्या सायकली बांधून आली. एकीचं चाक पंक्चर होतं. ते काढताना हौशीरामने ती सायकल नव्या सुनेकडे बघावं तशी सगळ्या बाजूंनी पाहून घेतली. त्या मंडळींनी विचारलं, काका, पठारावर सायकली घालायला कच्च्या वाटा आहेत का, नवख्यांना वेगळ्या, तरबेज माणसांना वेगळ्या?

"हायेत की," हौशीराम म्हणाला. "तीन हायेत."

तोपर्यंत एकही नव्हती. पण हौशीरामची रीत अशी की आधी बोलून टाकायचं आणि मग ते खरं करायला कोयता घेऊन निघायचं. पुढचा महिना दीड महिना तो रानात होता. पहिली वाट पठाराच्या माथ्यावरून, बाजरीच्या रिकाम्या रानांच्या कडेने, कुसळीच्या गवतातून थेट भैरोबाच्या देवळापर्यंत, भाकरीसारखी सपाट. दुसरी ओढ्यातून, वाळू आणि गोट्यांवरून, मध्ये एक दोन बांध चढायला लावणारी. तिसरी पठाराच्या कड्यावरून खाली. ती वाट उतरण्याआधी शेळ्यासुद्धा एकमेकींकडे बघून घेत. हौशीराम स्वतः ती उतरून दाखवी, कधी सायकलवर, तर कधी सायकलखाली.

खुणेचे दगड रंगवायला तो बेल्ह्याला सोहनलाल शेठच्या दुकानी रंग आणायला गेला. सोहनलालच्या घराण्याला मारवाडातून येऊन इतक्या पिढ्या झाल्या होत्या की पठारावरच्या माणसांचं मन त्याला पठारावरच्या माणसांपेक्षा जास्त कळे. पिवळा घ्या, निळा घ्या, तो म्हणाला, लाल मात्र नको. "हौशीरामभाऊ, आपल्याकडं लाल दगड दिसला की लोक नारळ फोडतात." हौशीरामने हट्टाने लालच घेतला आणि कड्याच्या वाटेवर वापरला. आठवडाभरात तिथल्या पहिल्याच वळणावर फुलं, गुलाल आणि खोबऱ्याचे तुकडे दिसू लागले. ते वळण पाहिल्यावर पुण्याच्या एक दोघांनीही हात जोडले म्हणतात.

वाटांच्या तोंडाशी त्याने पाट्या लावल्या: 'शिकाऊ', 'सराईत', 'पटाईत'. पुणेकरांना हे फार सोयीचं पडलं. ते आपापसात इंग्रजीत बोलत, आपली लायकी ठरवत आणि त्या त्या वाटेने शहाण्यासारखे निघून जात. घोटाळा आमच्या माणसांनी केला.

रविवारी गंमत बघायला जमणाऱ्यांना हळूहळू सायकलवर बसावंसं वाटू लागलं आणि हौशीरामच्या जुन्या सायकलींवरच्या कोंबड्या उठल्या. पण 'शिकाऊ' वाटेने कोण जाणार? आमच्याकडे माणसाला तुझं पीक गेलं म्हणता येतं, तुझ्या पोराचं लग्न जमत नाही म्हणता येतं. तू शिकाऊ आहेस हे म्हणता येत नाही. सोसायटीचे सेक्रेटरी कड्यावरून गेले. लग्नानंतर सायकलला हात न लावलेले निवृत्त गुरुजी कड्यावरून गेले. पाहुणा आला की यजमान मान म्हणून त्याला कड्याकडे पाठवी. पाहुणाही मान म्हणून जाई. गावात अर्धी माणसं लंगडत होती आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर मोठं समाधान होतं. सपाट, सुंदर पहिली वाट मात्र गावाच्या लेखी रिकामी. गावातली तिच्यावरून फक्त धोंडाबाईची म्हैस जाई, कारण तिला वाचता येत नव्हतं.

आणि एका रविवारी कुंडलिकराव आले.

कुंडलिकराव म्हणजे जुने सरपंच. तिन्ही वाटा त्यांच्याच पडीक रानातून सुरू होत आणि त्यांनी तोंडी परवानगी दिली होती म्हणूनच हौशीरामचा हा सगळा कारभार चालू होता. ते सायकलवर बसले की सायकल दिसत नसे. धोतर, फेटा, कोट अशा थाटात ते 'पटाईत' पाटीपाशी उभे राहिले. सरपंचांना नको म्हणायची छाती हौशीरामला नव्हती. लाल दगडाच्या वळणावर सायकल एका दिशेने गेली आणि कुंडलिकराव दुसऱ्या. घाणेरीच्या झुडपाने त्यांना अलगद झेललं. लागलं काही नाही, फक्त फेटा फांदीवर राहिला आणि धोतराने त्यांच्यासोबत यायचं नाकारलं. खाली उभ्या असलेल्या पुण्याच्या पोरींना वाटलं, हे ठरवूनच केलंय. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पडल्याचं दुःख माणूस विसरतो, टाळ्यांचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडलिकरावांच्या रानाच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या पडल्या. तिन्ही वाटा बंद.

नेमक्या पुढच्याच रविवारी पुण्याहून मोठा जथा येणार होता. त्यांना वाटा पसंत पडल्या तर ते दर हिवाळ्यात येणार होते, नाहीतर दुसरीकडे कुठे तरी बघणार होते. हौशीराम काकुळतीला येऊन कुंडलिकरावांकडे गेला. माफी मागितली, ती कुंडलिकरावांनी ऐकून घेतली. तिथेच उठून यायचं, पण समजूत घालायच्या भरात हौशीराम म्हणाला, "अण्णा, तुमी आपली पयली वाट धरा. ती लई सोपी हाय."

"सोपी?" कुंडलिकराव म्हणाले. "रान माझं, आन् मलाच सोपी?"

संध्याकाळपर्यंत बाभळीची आणखी एक गाडी येऊन पडली.

हौशीराम घरी येऊन आडवा झाला. चहा नको, भाकर नको, मिशीला तेलसुद्धा नको. त्याची बायको प्रयागबाई चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होती. नवऱ्याची सगळी हकीकत तिने नीट ऐकून घेतली आणि म्हणाली, अवो, भैरोबाच्या छबिन्यात पालखीच्या पुढं कोण चालतं?

मानकरी, हौशीराम भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

"आन् उड्या कोण मारतं?"

"पोरं."

"मग मानकऱ्याला कड्यावरनं उड्या मारायला लावलं कुणी? पाट्या कुणी लिवल्या?"

हौशीराम उठून बसला. दुसऱ्या दिवशी बेल्ह्याहून रंग आला. सोहनलालने कारण विचारलं, ऐकलं, आणि रंगाबरोबर एक ब्रश आपल्यातर्फे दिला. म्हणाला, हे तुम्ही आधीच करायला हवं होतं. 'शिकाऊ' पुसून तिथे 'मानाची वाट' झालं. ओढ्याला 'पावण्यांची वाट'. आणि कड्यावर, जिथे एवढे दिवस 'पटाईत' होतं, तिथे आलं 'पोरासोरांची वाट'.

मग हौशीराम धुतलेले कपडे घालून, हातात नारळ आणि सुपारी घेऊन परत कुंडलिकरावांच्या ओसरीवर गेला. सोपं, अवघड, सायकल यातला एकही शब्द त्याने काढला नाही. सुपारी पुढे ठेवली आणि म्हणाला, रविवारी पुण्याची मंडळी येणार हायेत, मानाच्या वाटंला मानकरी पाहिजे.

 कुंडलिकरावांनी त्या वाटेने गावातलं आजवर कोण कोण गेलं ते विचारलं. कोणीच नाही, हौशीराम म्हणाला. म्हशीचं त्याने सांगितलं नाही.

"आन् माझ्या आदी कुणी जायचं न्हाई?"

"चाक घालायची बिशाद न्हाई कुणाची."

"ती तिसरी?"

"ती टवाळ पोरांची, अण्णा. तिकडं आपलं काय काम?"

कुंडलिकरावांनी सुपारी उचलली.

रविवारी चार जिपा भरून पुणेकर आले. त्यांच्यातला एक हातमोजे, शिरस्त्राण आणि काळा चष्मा घातलेला गृहस्थ, आम्ही एक्स्पर्ट आहोत, असं सांगत पुढे झाला. हौशीरामने त्याला प्रेमाने पोरासोरांच्या वाटेकडे पाठवलं. तो जरा दुखावला, पण त्या बाजूला जाऊन उभा राहिला. बाकीचेही थांबले, कारण काट्या अजून तिथेच होत्या. घामाघूम हौशीराम रस्त्याकडे डोळे लावून उभा. बऱ्याच वेळाने, आंघोळ, देवपूजा आणि न्याहारी उरकून कुंडलिकराव आले, पुढे हलगी, मागे सोसायटीचे सेक्रेटरी आणि गुरुजी. त्यांनी स्वतःच्या हाताने काट्या बाजूला ओढल्या. हौशीराम मदतीला धावला तर त्याला डोळ्यांनीच मागे सारलं. मग ते सायकलवर बसले आणि मानाच्या वाटेने निघाले, छबिना चालावा तितक्याच वेगाने. त्यांच्यामागे सेक्रेटरी, गुरुजी, आणि त्यांच्यामागे गिअरच्या महागड्या सायकलींवरचे पंधरावीस पुणेकर, पाय टेकत टेकत. भैरोबापाशी पोचल्यावर पुण्याच्या एक बाई म्हणाल्या, इतकी सुंदर वाट आम्ही कधी पाहिली नाही. कुंडलिकराव म्हणाले, "आमचीच हाय."

वाटा राहिल्या. पुणेकर दर हिवाळ्यात येत राहिले. एकच अडचण झाली: काट्या काढायचा मान कुंडलिकरावांचा ठरला, म्हणून रविवारी सकाळी त्याच काट्या परत लावून ठेवाव्या लागत, आणि त्यांची पूजा उरकेपर्यंत पुण्याहून पहाटे निघालेली मंडळी बाकड्यावर चहा पीत बसत. प्रयागबाईच्या चहाचं आधण त्या दिवशी उतरतच नसे.

गावची मोठी माणसं आता झाडून मानाच्या वाटेने जातात. लंगडणारं कोणी राहिलं नाही. हौशीरामही कुंडलिकरावांच्या मागे, दोन हात अंतर ठेवून, त्याच वाटेने जातो. कड्यावरून उतरलेला तो अलीकडे कोणाला दिसलेला नाही. प्रयागबाईने एकदा विचारलं, गुडघे दुखतात का? हौशीरामने मिशीवरून हात फिरवला आणि गंभीरपणे सांगितलं की तसं काही नाही, पण कुंडलिकरावांना मानाच्या वाटेवर एकटं सोडणं बरं दिसत नाही. शिवाय वारं तिकडं लई झाक लागतं.