टेकडीवरचे शेजारी

हडपसरच्या मागच्या टेकडीवर आमचा छोटा गट रोज सकाळी जातो. चढताना दम लागतो म्हणून सगळे गप्प. उतरताना मात्र प्रत्येकाकडे काहीतरी असतं. किस्से साठतात ते असे.

प्रणय अमरावतीचा, इथे आयटीत. एआय नोकऱ्या खाणार, ही त्याची कायमची धास्ती. एकदा त्यानं आवाजावरून पक्षी ओळखणारं अ‍ॅप आणलं. झाडाखाली फोन धरून म्हणाला, "शिक्रा आहे." तेवढ्यात पानांतून उडाला तो काळा, दुभंगल्या शेपटीचा कोतवाल पक्षी. शिक्र्याची हुबेहूब नक्कल करत बसला होता. आमचे साठेकाका शांतपणे म्हणाले, "काळजी करू नकोस. तुझी नोकरी एवढ्यात जात नाही."

* * *

उन्हाळ्यात टेकडीवरची सालईची झाडं पार निष्पर्ण होतात. नव्यानं आलेल्या एक बाई म्हणाल्या, "वाळलीत सगळी. तोडून आंबे लावायला हवेत."

सुलभाताई वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी बाईंच्या शेजारी उभ्या यजमानांच्या टकलाकडे पाहिलं. "पानं गळली म्हणून तोडतं का कुणी? तुम्ही सांभाळलंतच ना?"

सगळ्यात मोठ्यानं यजमानच हसले.

* * *

टिटवी उघड्या माळावर, दगडांतच अंडी घालते. यंदा नेमकी सायकलवाल्यांच्या वाटेवर घातली. चिरडली जाणार म्हणून आमचा जीव वरखाली. साठेकाकांनी भोवती दगड रचले आणि पाटी लावली : 'येथे बाळंतीण आहे. आवाज करू नये.'

डोक्यावर टिटवीचा आरडाओरडा चालूच. एक सायकलवाला म्हणाला, "काका, पण तीच ओरडतेय."

"तिला वाचता येत नाही. आपल्याला येत असावं."

पिल्लं बाहेर पडेपर्यंत सगळे तिथून सायकली हातात धरून नेत होते.

* * *

बाबूराव पायथ्याच्या गावातले. शेतीवर इमारती उभ्या केल्या, म्हणून सुलभाताई त्यांच्याशी बोलत नसत.

मार्चमधल्या एका दुपारी टेकडीवरचं गवत पेटलं. कळताच धावत वर येऊन आम्ही हिरव्या फांद्यांनी आग झोडपत होतो, पण वारा फिरला आणि जाळ सालईंकडे सरकू लागला. सुलभाताई रडकुंडीला आल्या. तेवढ्यात कच्च्या रस्त्यानं पाण्याचा टँकर धापा टाकत वर आला. टपावर बाबूराव. उडी मारून त्यांनी पाइप सोडला आणि तोंडानं फोन चालू. पलीकडे त्यांच्याच इमारतीचे चेअरमन.

"टँकर कुठंय आमचा?"

"टेकडीवर हाय."

"अहो, इथे टाकीत थेंब नाही. बादल्या घेऊन उभे आहोत सगळे."

"मोकळ्याच हायत ना बादल्या? मग त्या घेऊन वर या."