भोंग्याला घाबरणारी मुलगी

ऐंशीच्या दशकात मी कुंभवलीच्या बालवाडीत शिकवत होते. पत्र्याचं छप्पर, एकच खोली, आणि पलीकडे कारखाने. पाळीचा भोंगा वाजला की एक चार वर्षांची मुलगी दोन्ही कान दाबून माझ्या टेबलाखाली शिरायची. मग शाळा सुटेपर्यंत बाहेर यायची नाही. बोलायची तर नाहीच.

तिची आई किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातली. नवऱ्याला कारखान्यात काम मिळालं म्हणून इथे भाड्याच्या खोलीत आलेली. मी विचारलं, "घरीही अशीच असते का?"

"नाय बाई. तिथं आजासोबत दिवसभर वाळूत बसायची. इथं तिला कायच गमत नाय."

त्या रविवारी मी एसटीने किनाऱ्यावर गेले. पिशवीभर वाळू घेतली. तिचा आजा होडीपाशी जाळं विणत बसला होता. नातीचं नाव काढताच त्याने कोयतीने जाळ्याचा एक तुकडा कापून दिला. "हातात दे तिच्या. ओळखंल ती," एवढंच बोलला.

वाळू चाळून मी परातीत ओतली, थोडं पाणी शिंपडलं आणि परात टेबलाखाली सरकवली. शेजारी जाळं ठेवलं. तिने आधी ते नाकाशी नेलं. वास घेत राहिली. मग मनगटापर्यंत हात वाळूत खुपसले. भोंगा वाजला तेव्हा तिने डोळे घट्ट मिटले, पण हात बाहेर काढले नाहीत. वाळू मुठीत दाबत राहिली.

हळूहळू परात टेबलाखालून खोलीच्या मधोमध आली. बाकीची पोरंही भोवती बसू लागली. कुणी त्यात अक्षरं गिरवी, कुणी शंख पुरून ठेवी. एका सकाळी ती माझा पदर ओढून म्हणाली, "बाई, वाळू सुकली. पानी घाला."

तिचं माझ्याशी पहिलं बोलणं ते. मी तांब्या आणायला वळले, तो डोळे पुसायलाच.

पुढच्या पावसाळ्याआधी तिच्या वडिलांचं काम सुटलं. त्यांना गुजरातेत बोटीवर काम मिळालं आणि सगळे तिकडे निघाले. आई निरोप घ्यायला आली तेव्हा जाळ्याचा तुकडा मुलीच्या गळ्याभोवती होता, ओढणीसारखा. ती हसत होती. जिथे समुद्र आहे तिथेच ती निघाली होती.

नंतर मी पालघरच्या शाळेत गेले. तिथे रंगीत ठोकळे होते, खरखरीत कागदावरची अक्षरं होती, वेगवेगळ्या आवाजांचे डबे होते. चांगली साधनं होती, मुलं रमायची. मी मात्र सुट्टीच्या दिवशी कधी किनाऱ्यावर गेले की बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांत तिच्या आईचा चेहरा शोधायची. आजा वारल्याचं तिथेच कळलं. त्या घरातलं कुणी परत आलं नव्हतं.

ती आता मोठी झाली असेल. रस्त्यात समोर आली तरी मी ओळखणार नाही. तरी एकदा तिचं बोलणं ऐकावं, भरभरून, असं फार वाटतं.