गजराबाईंचा फोटो

गाव सोडताना वडिलांनी घराची दारं, चौकटी, तुळया काढून ट्रकमध्ये भरल्या. उजनी धरणाचं पाणी वर चढत होतं. भिंती तेवढ्या मागं राहणार होत्या. आई गाठोड्यावर बसून म्हणाली, "मागं बगू नगंस. पान्यात काय बगायचंय?" मी बघितलं. त्या दिवशी ट्रकमध्ये असता तर तुम्हीही बघितलंच असतं.

घरचे माळावरच्या नव्या गावठाणात गेले, मी सोलापूरला. एका फोटो स्टुडिओत काम मिळालं. मालक अण्णा रविवारी जुना कॅमेरा देत, रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढ म्हणत. पहिले काही रविवार वाया गेले. लोक तोंड फिरवत, एका बाईनं तर चप्पल उगारली. अण्णा म्हणाले, "उभ्यानं फोटो काढू नको रे. पोलीस वाटतोस. बस की जरा त्यांच्याजवळ."

मग मी बसायला लागलो. तो कॅमेरा पोटाशी धरून वरून आत बघायचा. मान खाली जायची, त्यामुळं समोरच्याला आपण रोखून बघतोय असं वाटत नसे. पण जवळ बसलं की लोक विचारत, कुठलं गाव? नाव सांगितलं की म्हणत, "ते तर बुडालं की." पुढं बोलणं सरकत नसे.

एका रविवारी दवाखान्याच्या भिंतीपाशी एक म्हातारा दिसला. वाकळेवर निजलेल्या बायकोवरच्या माशा पटक्याच्या टोकानं वारत होता. मी शेजारी बसलो. त्यांचं गावही आमच्या खालच्या अंगाचं, तेही पाण्यात गेलेलं. "मंग आपल्याकडचाच की तू," निवृत्तीआबा म्हणाले. मग बायकोकडं बघून हळूच म्हणाले, "डॉक्टर म्हनत्यात, आता इलाज न्हाय, घरी न्या. घरी म्हंजी कुटं न्हेऊ, सांग की?"

मी कॅमेरा मांडीवर घेतला.

त्याकडं बघून तेच म्हणाले, "हिचा फोटू काड. आजवर एकबी न्हाय."

गजराबाईंनी पदर तोंडावर ओढला. "असलं तोंड कुनी बगायचं? नगं."

आबांनी आग्रह केला नाही. फडकं ओलं करून पदराखालून त्यांचा चेहरा पुसला, बोटांनी केस मागं सारले, फिस्कटलेलं कुंकू अंगठ्यानं नीट केलं. पदर आपोआप खाली आला. मी मान खाली घातली. चौकटीत भिंत होती, गाठोडी होती, जर्मनचा डबा होता. गुडघ्यांवर पुढं सरकत गेलो तसं एकेक बाहेर गेलं. शेवटी त्यांचा चेहरा आणि आबांचा हात एवढंच उरलं. त्या माझ्याकडं नाही, आबांकडं बघत होत्या.

पुढच्या रविवारी फोटो घेऊन गेलो तर जागा रिकामी. मग सुट्टीच्या दिवशी एस.टी.नं एकेक नवं गावठाण पालथं घालू लागलो. "ह्यांना ओळखता का?" बायका फोटो निरखून बघत. कुणाला त्यात नणंद दिसे, कुणाला मावशी. मग माना हलवत.

शेवटी एका उघड्या माळावर, पत्र्याच्या खोपटासमोर आबा सापडले. गजराबाई वाटेत एस.टी.तच गेल्या होत्या. "माज्या खांद्यावर डोकं हुतं," ते म्हणाले. "मला वाटलं, डोळा लागला."

फोटो त्यांनी कडांना धरून कितीतरी वेळ बघितला. मग माझ्या हातात परत दिला.

"तुज्याकडंच ऱ्हाऊ दे. हितं पत्र्याला खिळा धरत न्हाय, उन्हानं कागुद वाकडा हुईल. तुज्याकडं भित हाय?"

"भाड्याची खोली आहे, आबा. पण भिंत आहे."

"मंग तितं लाव. तिला भिताडाचं घर लई आवडायचं."

त्या खोलीत मला वर्ष होत आलं होतं. भिंतीवर देवाचं चित्र नव्हतं की आरसा नव्हता. मी तिथं फक्त पाठ टेकायला जायचो. परतल्यावर शेजाऱ्याकडून हातोडी मागून आणली आणि त्या घरातला पहिला खिळा ठोकला.