मंगेशच्या गाडीचा आवाज

गॅरेजमध्ये पाने-पकडी हरवतात, किस्से मात्र कधी हरवत नाहीत. एक सांगायला घ्यावा तर त्याला धरून दुसरा बाहेर येतोच. आमचं गॅरेज शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात. मालक सलीमभाई, मूळचे दापोलीकडचे, वेल्डिंगला हात बसलेला. मी आठवडाभर ऑफिसात सॉफ्टवेअर बघतो आणि रविवारी इथे लॅपटॉप लावून गाड्या ट्यून करतो. आणि तिसरा मंगेश, आमचं सगळ्यात घाबरट गिऱ्हाईक!

आज हे हसत सांगतोय. त्या त्या वेळी आमची पाचावर धारण बसली होती.

* * *

मंगेश चिपळूणचा. बांधकाम साइटवर सेफ्टी ऑफिसर. बायको वैशाली, मुलगी अनन्या, अल नहदाला फ्लॅट. सगळं सुरळीत चाललेलं असताना या माणसाने एक जुनी सुपरचार्जरवाली गाडी घेतली. सुपरचार्जर म्हणजे पट्ट्यावर फिरणारा ब्लोअर, इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा. ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून शिट्टी ऐकू येते. त्या शिट्टीवर हा भाळला.

पहिल्याच दिवशी सलीमभाईंनी विचारलं, "बोल, काय पाहिजे?"

"एक्झॉस्टचा मोठा आवाज पाहिजे, सलीमभाई," मंगेश म्हणाला. "पण कुणाला ऐकू जायला नको!"

त्याचंही बरोबर होतं. इथे आवाज करणारी गाडी पकडली की लायसन्सवर ब्लॅक पॉइंट्स. लायसन्स गेलं तर साइट-टू-साइट फिरायची नोकरी गेली, नोकरी गेली तर व्हिसा खलास. मग बायको-पोरीला घेऊन सरळ चिपळूण. हे सगळं तो आम्हाला दर रविवारी एका दमात ऐकवायचा. आणि ऐकवून झालं की म्हणायचा, "हां, आता मधला सायलेन्सर कापा."

* * *

सायलेन्सर कापण्याआधी याने गाडी वर उचलणाऱ्या लिफ्टचे चारही हात हलवून बघितले. मग डोक्यावर साइटचं हेल्मेट चढवलं, तेव्हा कुठे गाडीखाली आला.

सलीमभाई बघतच राहिले. "अरे बाबा, गाडीखाली उभं राहायला हेल्मेट, आणि गाडीत बसून पळवायची तेव्हा?"

"तेव्हा देव आहे," मंगेश म्हणाला.

नवा पाइप बसला. मंगेशने चावी फिरवली आणि पत्र्याच्या छपरावरची कबुतरं एकदम उडाली. समोरच्या सीट कव्हरवाल्याच्या हातातला चहा सांडला. आमचे चेहरे फुललेले! आणि मंगेश? गाडी बंद करून स्टिअरिंगखाली वाकून बसलेला. खिडकीतून फक्त आवाज आला, "कुणी बघितलं का?"

* * *

त्याच दिवशी घरी जाताना अल नहदाच्या सिग्नलवर शेजारी पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली. मंगेशच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने हळूच इंजिन बंद केलं.

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू. पोलीस काच खाली करून विचारतोय, "काय झालं?"

"सर, गाडी बंद पडली," हा इंग्लिशमध्ये म्हणाला.

आता पोलीसच तो! उतरला, बाह्या सारल्या आणि स्वतः धक्का मारून गाडी कडेला लावून दिली. मग घाम पुसत म्हणाला, "यल्ला हबीबी, स्टार्ट करून बघ."

"नको सर, मेकॅनिक येतोय!"

"एकदा करून बघ ना."

"नको सर, प्लीज सर!"

तो भला माणूस. मेकॅनिक येईपर्यंत सोबत थांबला, याला प्यायला पाणी दिलं. सलीमभाई रिकव्हरीचा ट्रक घेऊन पोचले तेव्हा चांगली धडधाकट गाडी तिघांनी मिळून वर चढवली. सलीमभाईंना पोलिसाने बजावलं, "याच्याकडे नीट लक्ष दे. फार घाबरलाय."

* * *

यावर उपाय म्हणून रिमोटवाला व्हॉल्व्ह बसवला. बटण दाबलं की एक्झॉस्ट मांजर, परत दाबलं की वाघ. रिमोट मंगेशच्या खिशात.

शाळेच्या पार्किंगमध्ये अनन्याने रिमोट मागितला, याने लाडाने दिला. पुढे प्रिन्सिपल मॅडम उभ्या. मागच्या सीटवरून आवाज आला, "बाबा, लुक, नाउ इट्स अँग्री!"

वैशालीने त्या दिवसापासून पॅरेंट्स मीटिंगला बस पकडली.

* * *

ट्यूनिंगचा दिवस तर मी विसरूच शकत नाही. सुपरचार्जरला छोटी पुली बसवली होती. पुली छोटी म्हणजे ब्लोअर जोरात फिरणार, हवा जास्त, ताकद जास्त आणि उष्णताही जास्त. त्यात ऑगस्ट महिना. गाडी डायनोच्या रोलर्सवर पट्ट्यांनी बांधली. तिथे चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. मंगेश स्टिअरिंगवर, मी शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन.

"दाब," मी म्हणालो.

शिट्टी चढत गेली, काचा थरथरायला लागल्या. स्क्रीनवर हवेचं तापमान लाल रेषेच्या वर गेलं. तेवढ्यात इंजिनातून बारीक खडखड ऐकू आली. अजून जरा ताणलं असतं तर पिस्टन गेले असते. "सोड, सोड!" मी ओरडलो.

त्याने सोडलं. आणि मग मला तो दुसरा आवाज ऐकू आला. टिक टॉक, टिक टॉक. बांधलेल्या गाडीत हा माणूस डावीकडचा इंडिकेटर देऊन बसला होता!

* * *

आता शेवटचा. हा मला वैशालीने सांगितला.

एक्झॉस्टचा पाइप आणि गाडीचा तळ यांच्यामध्ये एक पातळ पत्रा असतो. तो एका बाजूने सुटला आणि खडखडायला लागला. मंगेश धावत गॅरेजला आला. "हा आवाज आधी बंद करा. पुढे कुणी थांबवलं तर?"

सलीमभाई म्हणाले, "तो पत्रा उष्णता अडवतो. सोमवारी ये, वेल्ड मारून देतो."

"उद्या पोरीला खोरफक्कानच्या समुद्रावर न्यायचंय. आज काढून टाका, नंतर बघू."

काढला. गाडी एकदम शांत झाली. मंगेश खूश.

खोरफक्कानहून परत येताना अनन्या मागे, वैशाली पुढे. डोंगरातला चढ, एसी फुल. अनन्या म्हणाली, "बाबा, माय शूज आर स्टिकी."

"चॉकलेट सांडलं असशील," मंगेश म्हणाला.

"नो बाबा. दे आर नॉट कमिंग अप."

वैशालीने मागे वाकून मॅटला हात लावला आणि किंचाळून मागे घेतला. मग वास आला. मंगेशने गाडी कडेला घेतली, पोरीला बुटांतून उपसून उचललं आणि अनवाणी तशीच खांद्यावर घेऊन वैशालीसकट लांब दगडांपर्यंत पळाला. मॅटमधून धूर निघत होता. मागच्या एका पिकअपवाल्याने पाण्याचा कॅन आणून ओतला. पोरीच्या पायाला काही झालं नाही. ते दोन गुलाबी बूट मात्र मॅटला चिकटून तसेच उभे होते.

वैशाली सांगते, समोरून पोलिसांची गाडी आली तेव्हा मंगेश रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात हलवायला लागला.

गाडी रिकव्हरीने गॅरेजला आली. दुसऱ्या दिवशी मंगेश बसने आला, साइटच्या कपड्यांतच. खिशातून लाल टॅग काढला. बिघडलेल्या मशीनला लावतात तो. 'धोका. चालवू नये.' खाली स्वतःचं नाव लिहिलं आणि स्टिअरिंगला घट्ट बांधला. साइटवर नियम असा की ज्याने टॅग बांधला, तोच सोडणार. मॅनेजरसुद्धा हात लावू शकत नाही.

सलीमभाईंनी नवा पत्रा वेल्ड करून ठेवलाय, तळ नीट केलाय, जुना सायलेन्सरही परत बसवलाय. मंगेश अजून दर रविवारी येतो, चहा पितो, आमच्याशी गप्पा मारतो आणि बसने घरी जातो.

परवा एका गिऱ्हाइकाने काचेतून आत डोकावून विचारलं, "भाई, ही गाडी विकायची आहे का?"

सलीमभाईंनी मंगेशकडे बघितलं. मंगेश चहाचा कप धुवत होता.

"टॅग आहे तिला," सलीमभाई म्हणाले.